अमेरिकेतलं खासगी कॉलेज आणि फायनान्शियल एड: तुम्ही कसं जमवलंत?

पाऊसवेडी (१४ सप्टेंबर)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस लिहू की नको चाललं होतं, आज लिहितेच.

लेक बारावीत आहे, पुढच्या ऑगस्टमध्ये कॉलेज. धाकटा दहावीत. आम्ही न्यू जर्सीत गेली सोळा वर्षं. ग्रीन कार्ड आहे, मुलं अमेरिकेतच जन्मलेली. नवऱ्याची नोकरी, माझी अर्धवेळ, दोघांचं मिळून वर्षाला साधारण १,४५,००० डॉलर. घराचे हप्ते चालू आहेत, सासू-सासऱ्यांना दरमहा पैसे पाठवतो, ५२९ खात्यात (शिक्षणासाठीची बचत) लेकीसाठी ३८,००० जमलेत. बस्स.

उन्हाळ्यात तिला एक लहानसं खासगी कॉलेज दाखवायला नेलं. वीस मुलांचे वर्ग, प्राध्यापक नावाने ओळखतात, मुलगी पार हरखून गेली. परतताना गाडीत तिने संकेतस्थळावरचा वर्षाचा खर्च वाचून दाखवला: ९१,०००. चार वर्षांचे किती होतात ते पुढे कोणीच मोठ्याने म्हटलं नाही.

नवरा म्हणतो, आपल्याला मदत कोण देणार, आपण काही गरीब नाही. आणि एवढे भरायला श्रीमंतही नाही. अर्ज करूच नये असं त्याचं मत. मला मात्र न विचारता दार बंद करणं पटत नाही. पण खरं सांगायचं तर मदत मागायची या विचारानेच संकोच वाटतो. आमच्या घरात कोणी कुणापुढे हात पसरलेला नाही.

आमच्यासारख्या मधल्या उत्पन्नाच्या घरांना खासगी कॉलेजकडून खरंच काही मिळतं का? कोणते अर्ज, कधी? जे यातून गेलेत त्यांनी आकड्यांसकट लिहिलंत तर फार मदत होईल.

गणितवेडा

पाऊसवेडी, थोडं सविस्तर लिहितो. दोन मुलींच्या वेळी हे सगळं केलंय, दोघी खासगी कॉलेजात गेल्या.

सगळ्यात आधी तो ९१,००० चा आकडा बाजूला ठेवा. ती छापील किंमत. खासगी कॉलेजांत ती पूर्ण भरणारी घरं असतात, पण बहुतेक मुलांना तिथे काही ना काही ग्रँट (परत न करायची मदत) मिळते. तुमच्यासाठी किंमत किती, हे कळायला प्रत्येक कॉलेजच्या संकेतस्थळावर नेट प्राइस कॅल्क्युलेटर असतो. २०११ पासून तो ठेवणं कायद्याने बंधनकारक आहे. उत्पन्न, बचत, घर, भावंडं भरा, अर्ध्या तासात अंदाज मिळतो. आज रात्रीच बसा. नवऱ्यालाही शेजारी बसवा, कारण त्यांचा "कोण देणार" हा प्रश्न आकड्यानेच सुटेल.

आता अर्ज. फॅफ्सा हा सरकारी, फुकट. तो १ ऑक्टोबरपर्यंत उघडतो. त्यातून एसएआय नावाचा आकडा निघतो (घर किती भरू शकतं याचा अंदाज; पूर्वी याला ईएफसी म्हणायचे). पेल ग्रँट (कमी उत्पन्नाच्या घरांना सरकारी मदत), सरकारी कर्ज, राज्याची मदत हे सगळं यावर. पेल ग्रँट जास्तीत जास्त ७,३९५ डॉलर, आणि तुमच्या उत्पन्नाला ती मिळणार नाही हे आधीच धरून चाला. तरी फॅफ्सा भरायचाच, कारण तो नसेल तर लेकीला सरकारी कर्जसुद्धा नाही.

दुसरा सीएसएस प्रोफाइल. तो कॉलेज बोर्ड या संस्थेचा, आणि स्वतःच्या तिजोरीतून मोठ्या ग्रँट देणारी बरीच खासगी कॉलेजं तो मागतात. पहिल्या कॉलेजला २५ डॉलर, पुढच्या प्रत्येकाला १६. एक लाखाच्या आत उत्पन्न असेल तर माफ. हा अर्ज खोलात शिरतो. फॅफ्सा तुमच्या राहत्या घराची किंमत विचारत नाही, निवृत्तीच्या खात्यातली शिल्लकही विचारत नाही. सीएसएस घर विचारतो. मग एखादं कॉलेज घरातली तुमची मालकी (किंमत वजा कर्ज) पूर्ण धरतं, एखादं उत्पन्नाच्या पटीत मर्यादा घालतं, प्रिन्स्टन आणि हार्वर्ड धरतच नाहीत. म्हणून त्याच घराला दोन कॉलेजांकडून वीस-वीस हजारांच्या फरकाची पत्रं येतात. कोणाची चूक नसते, सूत्रं वेगळी असतात.

तुमच्या घरासाठी महत्त्वाचं: २०२४-२५ पासून फॅफ्साने एकाच वेळी दोन मुलं कॉलेजात असल्याची सवलत काढून टाकली. सीएसएस मागणारी बरीच कॉलेजं ती अजून देतात. तुमचा धाकटा दोन वर्षांनी कॉलेजात जाईल तेव्हा लेक तिसऱ्या वर्षाला असेल. ती दोन वर्षं कशी धरणार, हे कॉलेजला आत्ताच विचारा.

आणखी एक. बाराव्या इयत्तेच्या शरदात भरलेल्या अर्जात त्या वर्षाचं उत्पन्न नसतं, आदल्या कॅलेंडर वर्षाचं असतं. २०२६-२७ च्या फॅफ्साला २०२४ चा टॅक्स रिटर्न. खात्यातल्या शिलका मात्र अर्जावर सही कराल त्या दिवशीच्या.

सावली२३

गणितवेडा यांना अनुमोदन. फक्त एक भर: मुलांच्या नावावर पैसे असतील तर बघा. फॅफ्सा आईबापांच्या बचतीतला जास्तीत जास्त ५.६४ टक्के भाग दर वर्षी "भरू शकता" म्हणून धरतो, मुलाच्या नावावरच्या पैशातला सरळ २० टक्के. आमच्या मुलाच्या नावावर आजोबांनी यूटीएमए या अल्पवयीनांच्या खात्यात १२,००० ठेवले होते. अर्ज भरण्याआधी त्यातून त्याचा लॅपटॉप, उन्हाळी वर्गाची फी, वाहन शिकण्याचा खर्च असं केलं. तो पैसा त्याचाच, त्याच्यासाठीच वापरायचा असतो, त्यामुळे यात गैर काही नाही. ५२९ आईबापाच्या नावावर असेल तर तो आईबापाच्या बचतीतच धरतात.

रानपाखरू

मला थोडं वेगळं म्हणायचंय. राग मानू नका.

आमचा मुलगा दोन वर्षं कम्युनिटी कॉलेजला गेला, मग राज्याच्या विद्यापीठात. आज चांगल्या नोकरीत आहे, डोक्यावर कर्ज शून्य. सोळा-सतरा वर्षांच्या मुलीला एक कॅम्पस आवडला म्हणून आईबापांनी निवृत्तीचे पैसे पणाला लावावेत हे मला पटत नाही. "शिक्षणासाठी काहीही" हे आपल्या लोकांच्या रक्तात आहे, ते चांगलंच आहे, पण आईबाप पासष्टीला रिकामे झाले तर तो भार पुन्हा त्याच मुलीवर येतो.

कॅल्क्युलेटर जरूर लावा. पण आधी नवरा-बायको बसून एक आकडा ठरवा, वर्षाला किती झेपेल. तो कागदावर लिहा. आणि लेकीला तो आत्ताच सांगा, एप्रिलमध्ये नव्हे.

पाऊसवेडी

सगळ्यांचे मनापासून आभार. रानपाखरू, राग कसला, तुमचं शेवटचं वाक्य वाचून आम्ही तसंच केलं. आमचा आकडा ३४,००० ठरला. पगारातून २२,००० च्या आसपास, ५२९ मधून वर्षाला साडेनऊ हजार, उरलेलं लेकीच्या उन्हाळी कामातून. लेकीला सांगितलं. ती थोडा वेळ गप्प होती, मग म्हणाली, आई, बरं झालं सांगितलंस, मला वाटत होतं तुम्ही माझ्यापासून काहीतरी लपवताय.

कॅल्क्युलेटरचे आकडे असे आले: आवडतं कॉलेज ४१,०००. दुसरं एक, छापील किंमत ८४,०००, तिथे ३३,०००. तिसऱ्याने सीएसएसच मागितला नाही, तिथे २९,००० पण त्यातला मोठा भाग गुणांवरच्या स्कॉलरशिपचा आहे आणि ती नक्की मिळेलच असं नाही.

नवरा दोनदा आकडे तपासून गप्प बसला. आता तोच रात्री तक्ता बनवतोय.

कोकणकडा

चांगला धागा. माझा एक अवघड प्रश्न. पुण्यात आमच्या नावावर एक फ्लॅट आहे, भाड्याने दिलेला, आणि बँकेत काही मुदत ठेवी. एका ओळखीच्यांनी सांगितलं की भारतातलं इथे दाखवायची गरज नाही, कोण तपासायला येतंय. खरं काय?

गणितवेडा

दाखवायचं. फ्लॅट तुम्ही राहत असलेलं घर नाही, त्यामुळे तो गुंतवणुकीत येतो. मालमत्ता कोणत्या देशात आहे याला अर्थ नाही. आजची किंमत डॉलरमध्ये करा, त्यावरचं कर्ज वजा करा, उरेल ते लिहा. ठेवीही तशाच. भाडं आणि व्याज तुम्ही इथल्या रिटर्नमध्ये दाखवत असणारच, आणि परदेशी खात्यांची बेरीज वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेली तर एफबार (परदेशी खात्यांची माहिती देणारा सरकारी फॉर्म) भरावाच लागतो. म्हणजे ती माहिती सरकारकडे आधीच आहे. सीएसएस मागणारी कॉलेजं आयडॉक नावाच्या सोयीतून टॅक्सची कागदपत्रंही मागवतात.

अर्जावर खोटं लिहिलं तर दंड आईबापांना होईल, पण प्रवेश मुलाचा जाईल. कळकळीने सांगतो, त्या ओळखीच्यांचं ऐकू नका.

त्याच्या उलट बाजूही सांगतो, कारण ती लोक सांगायला विसरतात. आईवडिलांना भारतात दरमहा पाठवता ते पैसे, त्यांच्या ऑपरेशनचा खर्च, हे फॅफ्सात कुठेच बसत नाही. सीएसएसमध्ये शेवटी विशेष परिस्थिती लिहायला जागा असते. तिथे लिहा: किती, कधीपासून, कशासाठी. बँकेच्या पावत्या जोडायची तयारी ठेवा. पाऊसवेडी, हे तुमच्यासाठीही.

साताऱ्याचा_मास्तर

मी मुलाकडे एडिसनला आलोय, सून हा धागा वाचून दाखवत होती. मुलीच्या आईने हात पसरण्याचं लिहिलं, ते मनाला लागलं म्हणून लिहितो. टंकायला वेळ लागतो, सांभाळून घ्या.

बाई, माझे वडील वार लावून जेवले आणि शिकले. सात घरी सात वार. त्यांनी ते कधी लपवलं नाही. मी साताऱ्याच्या शिवाजी कॉलेजात कर्मवीर अण्णांच्या 'कमवा आणि शिका' योजनेत सकाळी शेतावर राबलो आणि दुपारी वर्गात बसलो. त्याची मला आजही लाज नाही, अभिमानच आहे.

आणि तुम्ही राहता तिथून नदी ओलांडली की कोलंबिया विद्यापीठ आहे. तेही खासगीच. १९१३ साली बाबासाहेब आंबेडकर तिथे आले ते बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर, महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी. ती मागण्यात त्यांना कमीपणा वाटला असता तर काय झालं असतं, हे मराठी माणसाला मी सांगायला नको.

कॉलेजला देणग्या देणाऱ्यांनी ते पैसे तुमच्या लेकीसारख्या मुलांसाठीच ठेवलेले आहेत. अर्ज करणं म्हणजे भीक नव्हे. करा अर्ज.

पाऊसवेडी

काका, तुमची पोस्ट आम्ही रात्री जेवताना मोठ्याने वाचली. नमस्कार स्वीकारा.

निळीशाई

माझा प्रश्न जरा वेगळा आहे, नवा धागा काढू का इथेच विचारू कळत नाही. मुलगा चार वर्षांचा असताना आम्ही नाशिकहून आलो. मी एच१बी वर (नोकरीचा व्हिसा), तो एच४ वर (कुटुंबीयांचा व्हिसा), ग्रीन कार्डची रांग तर तुम्हाला माहीतच आहे. शाळा सगळी इथली. वर्गातल्या मित्रांबरोबर तो फॅफ्सा भरायला बसला आणि पहिल्या पानावरच अडकला. घरी येऊन म्हणाला, बाबा, मी इथला नाही का? मला उत्तर सुचलं नाही.

सावली२३

निळीशाई, इथेच विचारा. आमच्या भाच्याचं हेच झालं, म्हणून जे माहीत आहे ते लिहिते.

एच४ वरच्या मुलांना सरकारी मदत नाही: पेल नाही, सरकारी कर्ज नाही, वर्क-स्टडी (कॉलेजातलं पगारी काम) नाही. (वाचणाऱ्या इतरांसाठी: मूल अमेरिकी नागरिक असेल आणि आईबाप एच१बी वर असतील तर मुलाला पूर्ण पात्रता आहे. आईबापांचा व्हिसा आड येत नाही. यात खूप लोक चुकतात आणि अर्जच करत नाहीत.)

पण खासगी कॉलेजची स्वतःची ग्रँट हा त्यांचा पैसा आहे, तो कोणाला द्यायचा हे ते ठरवतात. नागरिकत्व काहीही असो, प्रवेश देताना पैशाची गरज बघायची नाही आणि प्रवेश दिला की पूर्ण गरज भागवायची, असं करणारी मोजकी कॉलेजं आहेत: हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, अ‍ॅम्हर्स्ट, डार्टमथ, बोडन, आणि अलीकडे नोट्र डेम व ब्राउनही. तिथे प्रवेश किती कठीण हे सांगायला नको. बाकीच्या बहुतेक ठिकाणी परदेशी अर्जदाराला मदत हवी आहे हे प्रवेशाच्या वेळी विचारात घेतलं जातं.

तिसरी वाट सर्वात उपयोगाची ठरली. गुणांवरची स्कॉलरशिप देणारी मधली खासगी कॉलेजं. तिथे बऱ्याचदा नागरिकत्वाची अट नसते. भाच्याच्या आईने बारा कॉलेजांना एकच ईमेल पाठवला: मुलगा इथल्या शाळेत शिकलाय, एच४ वर आहे, त्याला कोणत्या गटात धरता आणि कोणत्या स्कॉलरशिपला तो पात्र आहे? नऊ जणांनी स्पष्ट उत्तर दिलं, त्यातली चार यादीत राहिली. आयव्ही लीगमध्ये (हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन वगैरे) गुणांवरची स्कॉलरशिप मुळात नसते, हेही लक्षात ठेवा.

त्याला सांगा की तो इथलाच आहे, अर्ज तेवढा वेगळा.

निळीशाई

तुमचे उपकार विसरणार नाही, ताई. ईमेल उद्याच पाठवतो.

डोंगरवाट

अर्ली डिसिजनबद्दल (एकाच कॉलेजला आधी अर्ज, प्रवेश मिळाला तर तिथेच जायचं) सावध करते. पाऊसवेडी, लेकीला आवडतं कॉलेज ठरलेलंच आहे, तर शाळेतले समुपदेशक तुम्हाला नोव्हेंबरमध्ये अर्ली डिसिजन भरायला सांगतील. प्रवेशाची शक्यता वाढते हे बरोबर. पण ते बंधनकारक असतं. आम्ही भरलं. कॅल्क्युलेटर ३०,००० म्हणत होता. नवऱ्याचा छोटा व्यवसाय आहे आणि अशा घरांचा हिशोब कॅल्क्युलेटरला नीट येत नाही. डिसेंबरमध्ये पत्र आलं ते ४७,००० चं. आम्ही कॉलेजला लिहिलं, झेपत नाही. त्यांनी दोन हजार वाढवले. शेवटी मदत अपुरी या कारणावर त्यांनी सोडलं, तसं सोडतात. पण ते तीन आठवडे! पोरगा खोलीतून बाहेर यायचा नाही. आणि नाताळच्या सुट्टीत नऊ कॉलेजांचे निबंध.

पगारदार घर असेल, कॅल्क्युलेटरचा आकडा तुमच्या ठरलेल्या आकड्याच्या आत असेल, तरच अर्ली डिसिजन. तुमच्या बाबतीत ४१,००० आणि ३४,००० मध्ये सात हजारांची दरी आहे. मी तरी भरणार नाही. चार पत्रं हातात असली की तुलना करता येते, एकच असलं की काही म्हणता येत नाही.

गणितवेडा

डोंगरवाट यांच्याशी पूर्ण सहमत. कॉलेजं स्वतःच अर्ली डिसिजनच्या मुलांना आधी एक प्राथमिक अंदाज देतात, मागितला तर. तो मागितल्याशिवाय सही करू नये.

पाऊसवेडी (२९ मार्च)

धागा वर काढतेय. अर्ली डिसिजन भरलं नाही. आठ ठिकाणी अर्ज केले, पाच होकार!! आवडत्या कॉलेजचाही आहे!

पण पत्र वाचून डोकं गरगरतंय. त्यात वर मोठ्या अक्षरात अभिनंदन आणि "तुमची एकूण मदत ५८,५००" असं आहे. म्हणजे ९१,००० मधून ते गेले तर ३२,५०० उरतात, आमच्या आकड्याच्या आत! नवरा म्हणतो थांब, आधी धाग्यावर टाक. तपशील असा: कॉलेज ग्रँट ४६,०००, सरकारी कर्ज ५,५००, वर्क-स्टडी ३,०००, पेरेंट प्लस ४,०००.

गणितवेडा

लेकीचं मनापासून अभिनंदन! आणि नवऱ्याचं ऐकलंत ते फार चांगलं केलंत.

त्या ५८,५०० मधली मदत फक्त ४६,००० आहे. बाकीचं एकेक बघू.

सरकारी कर्ज ५,५०० हे लेकीच्या नावावर. पहिल्या वर्षी तेवढीच मर्यादा, मग ६,५००, मग ७,५०० आणि ७,५००, चार वर्षांत २७,०००. हे वाईट कर्ज नाही, पण फेडायचं कर्ज आहे. वर्क-स्टडीचे ३,००० बिलातून वजा होत नाहीत. तिला ग्रंथालयात किंवा कार्यालयात काम मिळेल आणि तासांप्रमाणे पगार तिच्या खात्यात येईल. काम मिळालं तर. पेरेंट प्लस हे तुमच्या नावावरचं कर्ज, २०२५-२६ साठी ८.९४ टक्के व्याज आणि वर चार टक्क्यांहून जास्त शुल्क आधीच कापून घेतात. त्याला "मदत" म्हणणं मला आजपर्यंत समजलेलं नाही. १ जुलै २०२६ पासून त्यावर मर्यादाही आहे, वर्षाला २०,००० आणि एका मुलामागे एकूण ६५,०००.

तर खरी किंमत: ९१,००० वजा ४६,०००, म्हणजे ४५,०००. तुमच्या आकड्यापेक्षा अकरा हजार जास्त.

तुम्ही फसलात असं मुळीच समजू नका. सरकारच्या लेखातपासणी कार्यालयाने २०२२ मध्ये अशा पत्रांची पाहणी केली तेव्हा ९१ टक्के कॉलेजं खरी किंमत देत नाहीत किंवा कमी दाखवतात असं निघालं होतं. प्रत्येक पत्रासाठी एकच वजाबाकी करा: पूर्ण खर्चातून फक्त ग्रँट आणि स्कॉलरशिप. पूर्ण खर्च म्हणजे फी, राहणं, जेवण, पुस्तकं, प्रवास सगळं. काही पत्रांत पुस्तकं आणि प्रवास गाळलेले असतात, ते तुम्ही घाला.

मग प्रत्येक कॉलेजला दोन प्रश्न. ग्रँट चारही वर्षं तेवढीच राहील की फी वाढेल तशी वाढेल? आणि गुणांवरची असेल तर किती जीपीए (गुणांची सरासरी) राखावा लागतो? पहिल्या वर्षी भरघोस देऊन पुढे आकसती ग्रँट देणारी कॉलेजं आहेत.

सावली२३

आणि अपील करा! पहिलं पत्र म्हणजे शेवटचा शब्द नव्हे. आमच्या मुलाच्या वेळी नवऱ्याची नोकरी गेली होती, पण अर्जात होतं दोन वर्षांपूर्वीचं उत्पन्न. आम्ही कामावरून काढल्याचं पत्र, बेकारभत्त्याची कागदं आणि चालू वर्षाचा अंदाज जोडला. कॉलेजने नवीन उत्पन्नावर हिशोब केला आणि ग्रँट ११,००० नी वाढली. फायनान्शियल एड अधिकाऱ्याला तसा अधिकार कायद्यानेच आहे.

कसं लिहायचं: एक पान, जास्त नाही. पहिल्या ओळीत आभार आणि मुलीला तिथेच यायचंय हे. मग अर्जात न दिसलेलं काय आहे ते, आकड्यांत, पुराव्यासकट. तुमच्या बाबतीत भारतात पाठवायचे पैसे, आणि दोन वर्षांनी धाकटा कॉलेजात. दुसऱ्या कॉलेजचं पत्र चांगलं असेल तर तेही जोडा, पण दोन्ही कॉलेजं एका तोलाची असतील तरच त्याचा उपयोग. शेवटी नेमका आकडा: इतक्याची दरी आहे, एवढं झालं तर आम्ही १ मेच्या आत होकार देऊ. घासाघीस हा सूर नको, पुन्हा विचार करावा ही विनंती हवी. आणि सही तुमची, पण फोन लेकीला करू द्या. तिचं शिक्षण आहे.

कोकणकडा

बाहेरच्या स्कॉलरशिपबद्दल एक. लेकीला आमच्या कंपनीकडून २,००० ची मिळाली, आम्ही खूश, तर कॉलेजने आपली ग्रँट तेवढीच कमी केली. आधी विचारलं असतं तर कळलं असतं की त्यांच्या शेजारचं कॉलेज पहिल्यांदा कर्ज आणि वर्क-स्टडी कमी करतं, ग्रँटला नंतर हात लावतं. हा प्रश्नही यादीत घाला. आणि अर्जासाठी फी मागणारी कोणतीही "स्कॉलरशिप" असेल तर तिकडे फिरकूच नका.

पाऊसवेडी (२४ एप्रिल)

अपील केलं. सावलीताई, तुमच्या सांगण्याप्रमाणे फोन लेकीनेच केला, मी जिन्यात उभी राहून ऐकत होते. ती शांतपणे बोलत होती, आजीच्या औषधांचा खर्चसुद्धा तिने सांगितला. नऊ दिवसांनी उत्तर आलं: ग्रँट ४६,००० वरून ५१,०००. खरी किंमत ४०,०००.

अजून सहा हजारांची दरी होती. दरवर्षी ती तशीच राहणार किंवा वाढणार.

दुसऱ्या कॉलेजची, ८४,००० वाल्याची, ग्रँट ५०,००० आहे. बरोबर ३४,०००. त्यांनी लेखी कळवलं की गरजेचा हिशोब दरवर्षी होईल आणि भाऊ कॉलेजात गेला की ते धरतील. गेल्या शनिवारी पुन्हा जाऊन आलो, ती एका प्राध्यापिकेच्या वर्गात बसली. परतताना स्वतःच म्हणाली, इकडेच. मी विचारलं, खरंच की आमच्यासाठी? म्हणाली, पहिल्या कॉलेजसाठी थोडं रडले आई, पण आज त्या वर्गात मी दोनदा हात वर केला.

काल होकार भरला. सरकारी कर्ज पहिल्या वर्षी घेत नाही आहोत, उन्हाळी कामात भागतंय.

रानपाखरू

पाऊसवेडी, तुमचं तिघांचंही अभिनंदन. मी पहिल्यांदा जे लिहिलं त्यावर ठाम आहे, पण तुम्ही आकडा ठरवून त्यावर टिकलात आणि तरी तिला हवं तसं कॉलेज मिळालं, हे बघून खूप बरं वाटलं.

निळीशाई

आमचंही ठरलं, म्हणून लिहितो. ईमेल चौदा ठिकाणी पाठवले होते. एका मधल्या खासगी कॉलेजने गुणांवर वर्षाला २८,००० ची स्कॉलरशिप दिली, नागरिकत्वाची अट नाही, ३.० जीपीए राखायचा. उरलेले भरणं सोपं नाही, पण जमेल. सावलीताई, तुमचा ईमेलचा मसुदा मुलाने त्याच्या शाळेतल्या दोन एच४ मित्रांना दिला, त्यातल्या एकालाही मिळाली.

बिल एकदम भरायचं की हप्त्यांची सोय असते?

डोंगरवाट

असते. बहुतेक कॉलेजांत सत्राची रक्कम महिन्यांत वाटून भरता येते, व्याज नाही, फक्त नोंदणीचं थोडं शुल्क. जूनमध्ये पोर्टलवर बघा, उशिरा नोंदवलं तर हप्ते कमी आणि मोठे होतात.

आणि दोघांनाही सांगते: जुलैच्या बिलात कॉलेजचा आरोग्यविमा आपोआप घातलेला असतो. मूल तुमच्या विम्यात असेल तर तसं कळवून तो काढून घेता येतो, पण त्याला शेवटची तारीख असते. आमची पहिल्या वर्षी चुकली आणि तीन हजारांच्या वर भुर्दंड बसला.

पाऊसवेडी

हे तर कोणीच सांगितलं नव्हतं. आत्ताच पोर्टल उघडतेय.

निळीशाई

मीही. तारीख सापडली की इथे टाकतो, आमच्या कॉलेजची.